अकरा महिन्यांचा करार

गिरपकाकी पिंजऱ्यापाशी वाकल्या.
"ह्यां काय गो? उंदीर काय ससो?"
चिंचिला.
"चिंचोळा?"
आणि मग कंबर सरळ करत,
"सातवां कलम तू त्या दिवशी वाचूकच नाय.
सहावरना आठार उडी मारलंस.
माका वाटलां, बँकेतला चेडू, चुकात कशाक."

वेंगुर्ल्याला बदली झाली तेव्हा
कोथरूडच्या दुसऱ्या मजल्यावरून मी आणलं होतं
एक गादी, दोन पातेली, भुरका आणि पिठी.
त्यांचा मूळ मुलूख उंच, कोरडा, दगडांचा.
इथे बरणीतल्या मिठालाही घाम फुटतो
आणि यांना घामच येत नाही.

एसी वीसवर, दिवसरात्र.
वीज गेली की फ्रीजमधली फरशी काढायची,
त्यावर दोघं पोट टेकून,
कान ताठ,
मीटरच्या खोलीकडे तोंड करून.

संध्याकाळी परातीत पांढरी भुकटी ओतली
की लोळण, अशी लोळण
की कुठलं शेपूट कुणाचं कळू नये.
काकी दारात उभ्या. आत यायच्या नाहीत.
"गोसावी मेले. भस्म फासतत."
एकदा हसल्या, तोंडाला पदर लावून.
मला वाटलं, झालं काम.

पिठीने चौकटीचा कोपरा कुरतडला.
फणसाची चौकट, काकींच्या सासऱ्यांनी तासलेली.
त्या ओरडल्या नाहीत. बोट फिरवून पाहिलं फक्त.
"उद्या वायर चावली तर?
तू जातलंस दुसरीकडे. मी खंय जाव?"

उभादांड्यात घरं पाहिली, दाभोलीत, कॅम्पात.
एकांनी विचारलं, लग्न झालंय का.
एकांना मासे चालणार होते, काचेतले.
एकांच्या ओटीवर त्यांचाच कुत्रा झोपला होता,
त्याला ओलांडून मला सांगायला आले, पाळीव नको.

चिंचिला पंधरा-वीस वर्षं जगतो.
करार अकरा महिन्यांचा.
लोकांच्या मुदत ठेवी नूतन करताना
हा भागाकार मी रोज करायची,
बाकी उरायची.

कुडाळहून फोन: फर किती निघते?
सावंतवाडीहून: फक्त पांढरी द्या.
पणजीची एक बाई फोनवर रडली,
नंतर तिने फोन उचललाच नाही.

गडहिंग्लजचे हत्तरकी सर
आंबोली उतरून उन्हाआधी आले, ओम्नी घेऊन.
हायस्कुलात विज्ञान शिकवतात.
वहीत प्रश्न लिहून आणले होते, बावीस.
दात किती वाढतात. कोण कुणाला दाबतं.
रुसतात का.
मी एकवीस उत्तरं दिली.
बाविसावा होता:
तुम्हाला फोटो पाठवू, की नको?

काकींनी आंब्याची रिकामी पेटी दिली,
वाटेत चघळायला लागणारं गवत ठेवायला.
झाकणावर नाव होतं, ते सुरीने खरवडलेलं.
मग भिंतीकडे बघत म्हणाल्या,
"चौकटीचे आठशे कापतलंय हां."

एसी बंद केला.
दोन दिवसांत खोलीला समुद्राचा वास आला,
इतके दिवस तो कुठे थांबला होता कोण जाणे.

तिसऱ्या रात्री सरांचा निरोप:
दोघं खातायत. माळ्यावरची खोली गार आहे,
यंत्र लागलं नाही.
पण एक सांगायचं तुमच्याकडून राहिलं.
तीनच्या सुमाराला पिठी हाक मारते,
बारीक, थांबून थांबून,
आणि भुरका अंधारातून उत्तर देतो.
तुम्ही झोपायचात कशा?

पुण्यात पंख्याच्या,
इथे एसीच्या घरघरीखाली,
सर,
गाढ.